सॉकेट एकच, तरी स्क्रीन काळी

प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसला, कूलर लावला, बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. माझ्या कॉम्प्युटरच्या बी४५० मदरबोर्डावर चार वर्षं एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर चालत होता. त्याच्या जागी मी रायझन ७ ५७००एक्स बसवला होता. दोन्ही एएम४ सॉकेटचे, पिनांची रचनाही तीच. एवढ्यावर मी निश्चिंत होतो.

रॅम काढून पुन्हा बसवली, एकेक स्टिक लावून पाहिली, केबली तपासल्या. बोर्डावरचा ‘सीपीयू’ लिहिलेला लाल दिवा काही विझेना. शेवटी उत्पादकाच्या साइटवरची सीपीयू सपोर्टची यादी उघडली. नवा प्रोसेसर यादीत होता, पण त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात बायॉसची (मशीन सुरू होताना आधी चालणारं, बोर्डावरच साठवलेलं सॉफ्टवेअर) किमान आवृत्ती दिली होती आणि माझ्या बोर्डावर तिच्याहून बरीच जुनी होती. बी४५० आला २०१८ मध्ये, ५७००एक्स २०२२ मध्ये. चार वर्षांनी आलेल्या प्रोसेसरची ओळख बायॉस अपडेट केल्याशिवाय बोर्डाला कुठून असणार?

मुळात हा सपोर्ट मिळाला तोही सहज नाही. मे २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं होतं की झेन ३ प्रोसेसर (५७००एक्स याच पिढीचा) फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य जोडणी-चिपवर, चालतील. माझा बी४५० हा ४०० मालिकेतला. बायॉस साठवणाऱ्या चिपची अपुरी जागा हे त्यामागचं एक कारण होतं. बऱ्याच जुन्या बोर्डांवर ती चिप १६ एमबीचीच असते. ग्राहकांनी नाराजी कळवल्यावर त्याच महिन्यात ४०० मालिकेलाही परवानगी मिळाली. मला ही कंपनीने ग्राहकांचं ऐकल्याची चांगली गोष्ट वाटते.

मग उलटा प्रवास. जुना प्रोसेसर परत बसवला, फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकली आणि बायॉसमधल्याच टूलने अपडेट केलं. पाचेक मिनिटं लागली, पण तेवढ्यात वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस जोडूनच केलं. नवा प्रोसेसर पुन्हा लावला आणि चित्र आलं. (एएम४ वर कूलर सरळ ओढू नका. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा आणि कूलर हळूच पिळत सोडवा. नाहीतर चिकटलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून येतो.) विंडोजने डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली, कारण तिची किल्ली जपणारा एफटीपीएम प्रोसेसरमध्येच असतो आणि तो प्रोसेसरबरोबरच बदलला होता. की आधी लिहून ठेवली होती म्हणून निभावलं.

चिपसेट म्हणजे काय, हे मात्र मला खरं कळलं ते एसएसडीमुळे. बोर्डावरच्या दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडी बसवायची छोटी खाच) नवी, वेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी लावली आणि खालच्या लांब स्लॉटमधलं वायफाय कार्ड गायब झालं. एसएसडीवर वेग ३,५०० एमबी प्रतिसेकंद लिहिलेला, हाती येत होता १,६०० च्या आसपास. दोन्हींचं उत्तर मॅन्युअलमध्ये होतं. आता रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो आणि ग्राफिक्स कार्डाच्या व पहिल्या एम.२ च्या लेनही (डेटा जाण्याच्या वाटा) तिथूनच येतात. बाकी बरंचसं चिपसेटमागे असतं, आणि बी४५० चिपसेट स्वतः पीसीआयई या जोडणीच्या जुन्या २.० आवृत्तीच्याच लेन देतो. अशा चार लेनमधून सेकंदाला २ जीबीच्या वर काही जात नाही. शिवाय माझ्या बोर्डावर दुसरं एम.२ आणि खालचा स्लॉट त्याच लेन वाटून घेतात. एक भरला की दुसरा बंद. मग वेगवान एसएसडी पहिल्या एम.२ मध्ये हलवली, जुनी दुसऱ्यात टाकली आणि वायफायसाठी यूएसबी अ‍ॅडॅप्टर लावला.

तेव्हापासून मी बोर्डाच्या तक्त्याखालच्या बारीक टिपा आधी वाचतो. मागच्या महिन्यात मित्र बी५५० बोर्डावर रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेणार होता, बोर्डावर पीसीआयई ४.० लिहिलंय म्हणून. त्याला टीप दाखवली: त्या लेन प्रोसेसरमधून येतात आणि ५६००जी ३.० च देतो. ग्राफिक्स कार्ड त्याच्याकडे होतंच. त्याने ५६००एक्स घेतला, आणि बायॉसची आवृत्ती आधी विचारून घेतली.