विमान आमचं, ओळख दुसऱ्याची: एडीएस-बी बसवतानाचा माझा अनुभव

२०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या सेस्ना १७२ चं वार्षिक इन्स्पेक्शन झालं. लॉगबुक परत देताना मेकॅनिकने विचारलं, "एडीएस-बीचं काय केलंत?" एडीएस-बी म्हणजे विमानाची जागा आपणहून सतत रेडिओवर सांगणारं उपकरण. आम्ही काहीच केलं नव्हतं. विमान १९७५ सालचं, मालक आम्ही चौघं, आणि नियम तर २०१० मध्येच आलेला. १ जानेवारी २०२० पासून न्यूयॉर्कच्या परिसरात हे उपकरण नसेल तर उडता येणार नव्हतं. मी न्यू जर्सीत हिल्सबरोला राहतो. आमची छोटी धावपट्टी नुआर्क विमानतळाभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात येते, त्यामुळे टाळायची सोयच नाही. आमच्या शेजारी एक जुनं पायपर कब उभं असतं. मुळात इंजिनवर चालणारी वीज व्यवस्थाच नसलेल्या अशा विमानांना काही मर्यादेत सूट आहे. आम्हाला नव्हती.

जुना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारशी बोलणारं विमानातलं रेडिओ यंत्र, विचारलं की उत्तर देतो. रडारचा झोत फिरत येतो तेव्हा तो चार आकडी कोड आणि उंची कळवतो. विमानतळाजवळच्या रडारला एका फेरीला सुमारे पाच सेकंद लागतात, लांब पल्ल्याच्या रडारला बारा. एडीएस-बी कुणी विचारायची वाट बघत नाही. जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि उंची, वेग, ओळख यांच्यासकट सेकंदाला किमान एकदा सांगत राहतं. साधा जीपीएस मात्र चालत नाही. ठरलेली अचूकता आणि खात्री लागते, म्हणून बहुतेक जण वॉसची, म्हणजे उपग्रहावरून दुरुस्ती पाठवणाऱ्या व्यवस्थेची, जोड असलेला जीपीएस घेतात. भारतातलं 'गगन' याच जातीचं.

मला हा खर्च कधी जाचक वाटला नाही. ८ ऑगस्ट २००९ रोजी हडसन नदीवर एक छोटं पायपर आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून नऊ जण गेले, तेव्हा मी शिकाऊ पायलट होतो. त्याच नदीवरून आम्हीही जातो. तिथे खालच्या पट्ट्यात सगळे आपापली जागा रेडिओवर सांगत आणि डोळ्यांनी एकमेकांना शोधत उडतात. एडीएस-बीमुळे समोरचं विमान टॅबलेटवर आधीच दिसणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिथे एकदा उडालं की पटतं.

पर्याय दोन होते. ९७८ मेगाहर्ट्झचं उपकरण अमेरिकेतच आणि १८,००० फुटांच्या खालीच चालतं, १०९० चं सगळीकडे. आमचा ट्रान्सपॉन्डर तसाही कुरकुरत होता, म्हणून तोच काढून १०९० चा, आत जीपीएस असलेला घ्यायचं ठरलं. सरकार छोट्या विमानांना ५०० डॉलर परत देत होतं. पण आधी आरक्षण करायचं, मग बसवायचं, मग उडून सिद्ध करायचं आणि शेवटी पैसे मागायचे. हा क्रम चुकवायचा नाही. तोवर सगळ्या दुकानांत गर्दी उसळली होती. आम्हाला जूनमधली तारीख मिळाली.

बसवायला चार दिवस लागले. छतावर जीपीएसचा अँटेना आला, त्यासाठी आतलं अस्तर उतरवावं लागलं. विमानातल्या बदलाचा ३३७ नंबरचा फॉर्म, लॉगबुकातली नोंद, वजनाचा नवा हिशेब, सगळं नीट हातात पडलं. मी समाधानाने विमान घेऊन आलो.

शनिवारी चाचणीचं उड्डाण केलं. नियमाच्या हवाई हद्दीत किमान अर्धा तास उडायचं आणि त्यातली दहा मिनिटं वळणं, चढ, उतार करायचे. मी रॅरिटन नदीच्या आसपास चाळीस मिनिटं घिरट्या घातल्या. उतरल्यावर बायकोचा फोन आला. ती घरून मोबाईलवर माझा माग काढत होती. म्हणाली, "अरे, नंबर तुझाच दिसतोय, पण खाली चित्र पायपरचं येतंय. आणि मालकही भलताच!"

तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. संध्याकाळी एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, साइटवर विमानाचा नंबर टाकून एडीएस-बी नीट चाललं का याचा अहवाल मागवला. ईमेल आला: या विमानाच्या उड्डाणाची नोंद सापडली नाही. मग बायकोचं बोलणं आठवलं.

प्रत्येक विमानाला ओळखीसाठी २४ बिटांचा एक पत्ता असतो, आणि ट्रान्सपॉन्डर तोच पाठवतो. तो नोंदणीच्या कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो. अमेरिकेतला सहा चिन्हांचा पत्ता 'ए'पासून सुरू होतो, आणि दुसरा निव्वळ आकड्यांचा, आठ अंकी असतो. रविवारी हँगरमध्ये टॉर्च घेऊन बसलो, ट्रान्सपॉन्डरचं सेटिंगचं पान उघडलं आणि एकेक चिन्ह बोट ठेवून ताडून पाहिलं. पहिली चार बरोबर. शेवटची दोन उलटी पडली होती.

दोन चिन्हांनी आमचं विमान दुसऱ्याच कुणाचं झालं होतं. ते खरं पायपर त्याच दिवशी त्याच आकाशात असतं तर एकाच पत्त्याची दोन विमानं कंट्रोलरच्या यंत्रणेपुढे आली असती. मी कुठे पडलो असतो तर शोधणाऱ्यांपुढे दोन नावं असती. मी खरंच हादरलो. दुकानाने चूक लगेच मान्य केली आणि माणूस पाठवून दुरुस्त करून दिली, पण उड्डाण चाचणीशिवाय कुणाच्याच लक्षात आलं नसतं, हे खरं.

दुसऱ्या उड्डाणाच्या अहवालात एकही रकाना लाल नव्हता. ५०० डॉलरचा चेकही आला.

एक सवय मात्र बदलावी लागली. पूर्वी जमिनीवर असताना ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर ठेवायचो. आता विमान हललं की तो चालूच असतो, नियमच तसा आहे. आणि कुणी जुनं विमान विकत घेत असेल तर पैसे देण्याआधी त्याचा अहवाल मागवा. तो फुकट मिळतो. शिवाय विमानाच्या कागदांवरचा पत्ता घेऊन कॉकपिटमध्ये बसा आणि शेवटची दोन चिन्हंही वाचा.