आमची वाटचाल : नाणी विकण्याकडून नाणी तपासण्याकडे

जुनी नाणी घेणे-विकणे हा आमचा मूळ धंदा. तपासणीची कामे वाढली तशी विक्री बंद केली, कारण माल विकणाऱ्यानेच खरेपणाचा दाखला देणे योग्य नाही. फीही नाण्याच्या किमतीवर नाही, कामावर घेतो. किमतीवर लावली तर नाणे खरे ठरण्यात आमचाच फायदा.

सर्वाधिक येते ती तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, आणि आणणाऱ्याची खात्री की नाणे १६७४ च्या राज्याभिषेकाचे. बहुतेकदा नाणे अस्सल असते, काळ मात्र नंतरचा निघतो. हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिला. दोन आडव्या दांड्यांची दुदांडी तर एकोणिसाव्या शतकापर्यंत येते. म्हणून ‘खरे आहे का’ आणि ‘केव्हाचे आहे’ ही उत्तरे अहवालात वेगळी लिहितो. ग्राहक हिरमुसतो, पण इतिहासाशी तडजोड नको.

सोन्याच्या होनाच्या नकला मात्र फार. आधी दहापट भिंग. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि काठावर घासलेल्या सांध्याची रेघ दिसते. दोन नाण्यांवर अक्षरे एकाच जागी कापलेली आणि काठाला खोकही तीच, तर दोन्ही एकाच नाण्यावरून ओतलेली. ठसा सारखा असू शकतो, खोक नाही.

मग पाण्यातले वजन. साधारण २.८ ग्रॅमचा होन पाण्यात सुमारे ०.१५ ग्रॅमने हलका होतो, म्हणजे घनता १८.७. आत चांदी असेल तर घट ०.२७ ग्रॅमच्या आसपास जाते. काटा ०.००१ ग्रॅमचा लागतो. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटून घट ०.०१ ग्रॅमने वाढली, तरी घनता १७.५ वर घसरते आणि चांगले नाणे खोटे वाटते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात.

क्ष-किरणांनी धातू ओळखणारे एक्सआरएफ यंत्र आल्यावर हे काम सुटेल असे अनेकांना वाटले. ते फक्त वरचा पातळ थर वाचते. जाड मुलामा दिलेल्या चांदीला ते सोनेच म्हणेल. दोन्ही चाचण्या जुळल्याशिवाय आम्ही सही करत नाही.

तांब्यावर गंज पाहतो. जमिनीत राहिलेल्या नाण्यावर धातूलगत तांबूस थर आणि त्यावर हिरवा असतो. चकचकीत तांब्यावर थेट हिरवे दिसले आणि ॲसिटोनच्या बोळ्याला रंग लागला, तर ते रंगवलेले. नाणे घासून आणू नका. हा पुरावाच निघून जातो.

उगमाचे कागद आधी मागतो. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या नातेवाइकांना भेट पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मोडी कागदही घेतो. पहिली तपासणी अतिनील दिव्याखाली: कागद निळसर चमकला, तर त्यात विसाव्या शतकातले उजळवणारे रसायन आहे. मग तिथी आणि वार जुळवतो, शिक्क्याकडे त्यानंतर वळतो.