शिधा आणि बटाटेपोहे

आषाढ वद्य दशमी, बडोदा

हाताच्या रेषा दिसू लागल्या तसा पात्र घेऊन निघालो. भिक्षाटनाची वेळ ओळखण्याची आम्हां भिक्खूंची ही जुनी खूण. घड्याळ लागत नाही. रात्रभर पाऊस झाला होता, रस्ता अनवाणी पायांना गार लागत होता. वर्षावास चालू आहे, म्हणजे तीन महिने मुक्काम इथेच. रोज त्याच गल्ल्या, तीच माणसं. एरवी चारिकेत, म्हणजे गावोगाव फिरताना, झालेली ओळख दुसऱ्या दिवशी मागे पडते; पावसाळ्यात ती मुरते.

बडोद्याला अनवाणी साधूचं नवल नाही, जैन महाराजसाहेब लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत. माझ्या चीवराचा, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राचा, रंग बघून तेवढे ते गोंधळतात. कोठीजवळचे चहावाले काका मला बापजी म्हणतात आणि पैसे घेणार नाही असं रोज बजावतात. माझ्याकडे असतात कुठे! एका शाळकरी पोराने आज दप्तर सावरत विचारलं, "तुम्ही कराटे शिकवता का?" नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

विश्वामित्रीच्या पुलावर कठड्याला माणसं वाकलेली. मगर दिसली म्हणे. आम्ही चार हात पुढेच नजर ठेवून चालायचं, पण एका गृहस्थांनी मला थांबवून ती दाखवलीच.

पुढे कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत आले, तर या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही हाकललं. ते या बागेत येऊन बसले तो दिवस २३ सप्टेंबर १९१७. अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प त्यांनी इथे केला, म्हणून आज तिथे संकल्पभूमी हे स्मारक आहे. मी तिथे रोज थोडा थांबतो. त्याच शहरात मला दारोदार अन्न मिळतं, जात कुणी विचारत नाही. अर्थात ते चीवराचं कौतुक. भाड्याची खोली बघायला गेलो असतो तर आडनावापासून सुरुवात झाली असती.

बागेबाहेर झाडणाऱ्या ताईंनी खराटा बाजूला ठेवून "वंदामि भंते" केलं. त्या खानदेशातल्या. "सुखी होतु" म्हणालो. पोराचं बारावीचं वर्ष आहे, परित्राण पाठाला, म्हणजे रक्षणासाठीच्या सूत्रपठणाला, कधी येता, म्हणाल्या. पौर्णिमेचं ठरलं.

परतताना दांडिया बाजारातल्या आजींचं दार. पहिल्या दिवशी त्यांनी तांदूळ, डाळ, गूळ असा रीतसर शिधा काढला होता. कच्चं धान्य आम्हांला घेता येत नाही आणि स्वतः रांधताही येत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे आयतंच खाता म्हणा की." म्हटलं, हो. तेव्हापासून त्या काहीतरी करून ठेवतात. उपकार केल्याचा आव नाही, उलट मीच उशीर केला म्हणून रागावतात.

आज बटाटेपोहे. कांदेनवमी झाली की त्यांच्या घरी कार्तिकीपर्यंत कांदा बंद.

"तुम्हांला चालत असेल हो, पण माझ्या कढईत नाही यायचा."

मी काही बोललो नव्हतो. पात्रात पडेल ते आमचं.

"उद्या एकादशी. भगर चालते ना?"

"चालते."

"मग आठच्या आत या. दाण्याची आमटी नंतर घट्ट होते."