चिकूचा घसा आणि माझी झोप

शुक्रवारी रात्री साडेअकराला सूनबाईचा फोन आला तेव्हाच पोटात गोळा आला, कारण एरवी ती मेसेज करते, फोन नाही. "आई, चिकूला 103 ताप आहे, घसा खूप दुखतोय म्हणतो, पाणीपण गिळत नाहीये." मागून त्याचं रडणं ऐकू येत होतं आणि ते रडणंही नेहमीचं नाही, तोंडात गरम बटाटेवड्याचा घास ठेवून कोणी बोललं तर कसं येईल तसं, गुळगुळीत, अडकलेलं. मी लालबागला, ते कांदिवलीला. रात्रभर काय करणार, घड्याळ बघत बसले. दोन वाजता न राहवून फोन केला तर मुलगा म्हणाला आई तू झोप गं, औषध दिलंय, पट्ट्या ठेवतोय. झोप म्हणे!

सकाळी करी रोडहून दादर, दादरहून बोरिवली स्लो. शनिवार असूनही गर्दी होतीच. पिशवीत मऊ भातासाठी आंबेमोहोर, थोडं तूप आणि ज्येष्ठमधाची काडी, कारण हात मोकळे घेऊन जायची सवयच नाही.

पोरगं सोफ्यावर पडलेलं, उशीवर टॉवेल, आणि टॉवेल लाळेने ओला. सहा वर्षांचं मूल लाळ गाळत नाही हो, पण थुंकी गिळायलासुद्धा दुखत होतं म्हणून तो ती सोडून देत होता. मोबाईलचा टॉर्च लावला, चमच्याच्या मागच्या बाजूने जीभ दाबली, "आ कर रे सोन्या" म्हटलं. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल्स लालबुंद, सुजून जवळजवळ पडजिभेला टेकलेले, आणि त्यावर दह्याचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. तोंडाला एक वेगळाच वास. जबड्याखाली बोट लावलं तर दोन्हीकडे अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, लिंबाएवढी, आणि हात लावताच किंचाळला.

खरं सांगू, त्या क्षणी माझे पाय गार पडले. का ते पुढे सांगते.

डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण आहेत पण बोलतात नीट. त्यांनी आधी विचारलं खोकला आहे का, नाक गळतंय का. दोन्ही नव्हतं. मला वाटलं बरं झालं, पण त्यांचं उलट. म्हणाल्या, सर्दी-खोकला असला की बहुतेक वेळा व्हायरस असतो, आपोआप जातो. खोकला नाही, ताप जोरात, पांढरे ठिपके आणि मानेच्या गाठी दुखऱ्या, हे सगळं एकत्र दिसलं की स्ट्रेप नावाच्या जंतूचा संशय घ्यायचा. घशातून कापसाची काडी फिरवून स्वॅब घेतला (चिकूने त्यांच्या हाताला चावायचा प्रयत्न केला, मला जरा आनंदच झाला, अंगात जोर आहे म्हणायचा) आणि अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. 10 दिवस. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि सांगितलं की तोंड उघडेना, मान वळवेना, श्वासाला आवाज यायला लागला, लाळ वाढतच गेली, तर माझी वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, कारण टॉन्सिलच्या मागे पू साचू शकतो. ते ऐकून मी पुढचे दोन दिवस पोराला दर तासाला तोंड उघडायला लावत होते. शेवटी तो म्हणाला, "आजी, मी आता मगर नाहीये."

इथे एक कबूल करते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या त्याचा घसा दुखला होता तेव्हा याच डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक दिलं नव्हतं, नुसतं तापाचं औषध आणि मीठपाण्याच्या गुळण्या, आणि मी मुलाला म्हटलं होतं की बदला ही डॉक्टर, हिला काही कळत नाही. तेव्हा नाक गळत होतं, खोकला होता, चार दिवसांत उतरलं. म्हणजे तिचं बरोबर होतं आणि माझं तोंड उगाच चाललं होतं. घसा दुखला की प्रत्येक वेळी ते औषध हवंच असं नाही. पण हवं असेल तेव्हा अर्धवट सोडायचं नाही.

आता पायातलं बळ का गेलं ते.

1974 सालची गोष्ट, रेल्वेचा मोठा संप झाला ते वर्ष. आमची चाळीतली 10 बाय 12 ची खोली, बाबा मिलमध्ये, आणि माझा धाकटा भाऊ 11 वर्षांचा. त्याचा घसा असाच दुखला. आईने हळददूध दिलं, गळ्याला फडकं बांधलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आठवड्यात पोरगं उठून विट्टी-दांडू खेळायला लागलं. घसा दुखला म्हणून तेव्हा डॉक्टरकडे कोण जायचं! मग दोन-तीन आठवड्यांनी त्याचा गुडघा सुजला. दोन दिवसांनी तो बरा आणि घोटा सुजला. मग दुसरा गुडघा. आईला वाटलं कुठेतरी पडला असेल आणि लपवतोय. एक धपाटासुद्धा दिला तिने. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर येताना तो मध्येच बसायला लागला तेव्हा बाबांनी केईएमला नेलं.

रुमॅटिक फीवर. तो शब्द आमच्या घरात तेव्हा आला तो गेलाच नाही. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना समजावलं होतं की हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे बरे होतात, हृदयाची झडप होत नाही. घशातल्या त्याच स्ट्रेप जंतूशी लढायला शरीर जे हत्यार काढतं तेच चुकून हृदयाच्या झडपेवर उगारलं जातं, असं काहीतरी. भावाची मायट्रल नावाची झडप खराब झाली. पुढे दर 21 दिवसांनी पेनिड्युअरचं, म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. पांढरं घट्ट औषध, जाड सुई, आणि दोन दिवस तो एका कुशीवर झोपायचा. इंजेक्शनच्या दिवशी तो चाळीच्या संडासात कडी लावून बसायचा आणि मी बाहेरून गोळ्यांचं आमिष दाखवायचे. श्रीखंडाच्या गोळ्या, नारिंगी.

नव्वदच्या दशकात त्याची झडप बदलली, धातूची बसवली. अजून आहे आमचा भाऊ, कणकवलीला असतो, रक्त पातळ करायची गोळी रोज आणि अधूनमधून आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी. रात्री सगळं शांत झालं की त्याच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, ते बंद होतं.

आईने त्या हळददुधासाठी स्वतःला कधी माफ केलं नाही. शेवटपर्यंत घरात कुणाचा घसा दुखला की ती हळदीच्या डब्याला हातच लावायची नाही. वेडेपणाच तो, हळदीने काही वाईट केलं नव्हतं, पण तिला कोण समजावणार.

तर चिकू. औषधाने चमत्कार व्हावा तसं झालं. दुसऱ्या दिवशी रात्री ताप 100, तिसऱ्या दिवशी मऊ भात-तूप अर्धी वाटी, चौथ्या दिवशी सोफ्यावरून उड्या. स्वॅबचा रिपोर्ट आला, स्ट्रेपच होता. मी लालबागला परत आले. मुलगा म्हणायला लागला काढूनच टाकूया ते टॉन्सिल्स, माझे काढले होते ना. हो, त्याचे 1994 मध्ये काढले होते, तेव्हा जरा घसा धरला की काढा टॉन्सिल असंच होतं, आमच्या मजल्यावरच्या तीन पोरांचे काढले असतील, आणि सगळ्यांना लक्षात काय राहिलं तर आईस्क्रीम. आता डॉक्टरबाई म्हणतात की वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं सलग पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा असा जोरदार त्रास झाला तर ऑपरेशनचा विचार करायचा. चिकूचा जूनपासून हा दुसरा, त्यातला एक तर सर्दीचाच. म्हणून सध्या थांबायचं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सूनबाईचा फोन. "आई, बाटली संपली. ताप तर तीन दिवस नाहीये, आणि त्याला जुलाब होतायत थोडे. आता बंदच करूया असं वाटतंय."

बघा, गंमत इथेच आहे. केमिस्ट 60 एमएलची एक बाटली देतो, उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत घालायचं, हलवायची, फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा दिलं की सहा दिवसांत तळ दिसतो. कागदावर 10 दिवस लिहिलेलं असतं पण बाटलीला ते माहीत नसतं. किती घरांत कोर्स बाटलीबरोबर संपत असेल कोण जाणे.

मी सासूसारखं बोलायचं नाही असं ठरवून दहा वर्षं काढलीयेत, म्हणजे बऱ्यापैकी. त्यामुळे आधी गप्प बसले. मग म्हटलं, "अगं, मामांच्या छातीतला आवाज ऐकलायस तू कधी?" ती म्हणाली, हो, गणपतीत एकदा, मला वाटलं त्यांचं घड्याळ असेल. मग मी तिला सगळं सांगितलं, संडासाच्या कडीपर्यंत. एवढी वर्षं झाली लग्नाला पण हे तिला माहीत नव्हतं, मामांचं ऑपरेशन झालंय एवढंच माहीत. जुलाबाचं म्हटलं डॉक्टरबाईंना विचार, मनाने बंद करू नकोस. ती काही बोलली नाही. हं म्हणाली आणि ठेवला. मला वाटलं झालं, दुखावली.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फोटो आला. फ्रिजच्या दारात नवी बाटली, शेजारी दह्याची वाटी, आणि बाटलीवर चिकूच्या अक्षरात स्केचपेनने 7, 8, 9, 10 लिहिलेलं. 7 वर काट मारलेली. तो 7 उलटा काढलाय त्याने, पण ते बघू नंतर.