तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचं मत घरीच का नाही घेतलं?

"अगं, बाबांना मतदानाला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलंस म्हणे, हल्ली घरी येऊन मत घेतात ना?" गोखले रोडला भाजी घेताना हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते.

घेतात, पण वयाची ८५ पूर्ण लागतात. आधी ८० होती अट, मार्च २०२४ मध्ये ती ८५ केली आणि मेमध्ये लोकसभेचं मतदान आलं तेव्हा बाबा ८२चे, म्हणजे आमची गाडी नेमकी डोळ्यांदेखत सुटली. दुसरा रस्ता दिव्यांगांचा, पण त्याला निदान ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट हवं, आणि बाबांचे गुडघे गेलेत हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असलं तरी कागदावर कुठेय? शिवाय कागद असता तरी घरून मत द्यायचा १२-ड फॉर्म निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा असतो, आणि आपण जागे होतो प्रचाराची रिक्षा दारात ओरडायला लागली की.

बरं, बूथवर काही त्रास नव्हता हां. तळमजला, रॅम्प, निवडणूक आयोगाच्या सक्षम ॲपवरून मागितलेली व्हीलचेअर, रांगेतल्या लोकांनीही पुढे सोडलं. त्रास सगळा आमच्याच जिन्यात. पागडीची बिल्डिंग, लिफ्ट नाही, वळणावर खुर्ची अडकते, आणि २० मेचं ते ऊन, म्हणून सकाळी साडेसहालाच खालच्या मजल्यावरच्या दोन पोरांना उठवलं. घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतचे त्या ५२ पायऱ्या कुठल्या ॲपवर टाकायच्या?

आत तर वेगळाच तमाशा. दिसायला कमी म्हणून सोबत १८ वर्षांवरचा माणूस नेता येतो, तसं मी म्हटलं, तर बाबा सगळ्यांसमोर, "बटण मी दाबणार, तू बाहेर थांब." थांबले. बाहेर आल्यावर तणतणत होते, कारण मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट मशीनची चिठ्ठी काचेमागे सातच सेकंद दिसते आणि ह्यांचा जवळचा चष्मा खिशातून निघेपर्यंत ती खाली पडली. मग आठवडाभर जेवताना तोच विषय.

नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा तोच द्राविडी प्राणायाम, तीच खुर्ची, तीच पोरं. (एकाला आता नोकरी लागलीय पुण्याला, पुढच्या वेळी दुसरा शोधायचाय.)

पुढच्या लोकसभेला बाबा ८७चे असतील, म्हणजे टीम घरी येईल, सोबत पोलीस, कॅमेरावाला. हे सांगितल्यापासून ते विचारतायत, एवढ्या सगळ्यांना बसवायचं कुठे?