तुम्ही विचारलंत म्हणून: खाजगीकडे दिलं की मेट्रो वेळेत होते का?

"तू तर तिकडे हेच काम करतेस ना, मग सांग, आमची पुण्यातली हिंजवडीची मेट्रो खाजगीकडे दिलीये तरी उशीर का?" दादा विचारतो, वहिनीच्या ऑफिसमधले विचारतात, लग्नात भेटलेले अनोळखी काकासुद्धा विचारतात. मी दर वेळी "करारावर असतं ते" म्हणून सुटका करून घेते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसतं की हिला काही येत नाही. तर आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

हिंजवडी लाइनची कथा तुम्हाला नको सांगायला, विद्यापीठ चौकातला पूल 2020 मध्ये पाडला तेव्हापासून तुम्ही तिथल्या ट्रॅफिकमध्येच आहात. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, टाटा-सीमेन्सला 35 वर्षांच्या करारावर दिलेली 23 किलोमीटरची लाइन, मार्च 2025 ची मुदत होती ती हुकली, बास. मी त्या प्रोजेक्टवर नाही. मी राहते कॅनडात, ओटावात, आणि आमच्याकडच्या लाइट रेलचं, म्हणजे छोट्या मेट्रोसारख्या गाडीचं, काय झालं ते ऐकलंत तर निदान "परदेशात असं होत नाही" हे तरी बंद होईल.

2013 चा करार, साधारण 210 कोटी कॅनेडियन डॉलर, फिक्स्ड प्राइस म्हणजे किंमत आधीच ठरलेली, साडेबारा किलोमीटर, 13 स्टेशनं. पुढे 30 वर्षं मेंटेनन्सही त्याच खाजगी ग्रुपकडे. मे 2018 मध्ये तयार व्हायची होती, लोक बसले सप्टेंबर 2019 मध्ये. मग दारं अडकणं, चाकं सपाट होणं, 2021 मध्ये दीड महिन्यात दोनदा गाडी रुळावरून घसरली आणि दुसऱ्या वेळी लाइन जवळजवळ दोन महिने बंद. न्यायमूर्ती हॉरिगन यांची चौकशी बसली, 2022 च्या शेवटी रिपोर्ट आला. त्यात एक गोष्ट अशी होती की ट्रायल रनचे निकष मध्येच सोपे केले गेले आणि नगरसेवकांना कोणी सांगितलंच नाही.

आता यात "खाजगी" कुठे नडलं आणि "सरकारी" कुठे, हे तुम्ही वेगळं करून दाखवा. मला जमलेलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. असे करार, म्हणजे पीपीपी (सरकार आणि खाजगी कंपनीची भागीदारी), वेगासाठी घेतात असं तुम्हाला वाटतं. कागदावर ते घेतात जोखमीसाठी. सरकारला कर्ज स्वस्त मिळतं, कंपनीला महाग, त्यामुळे नुसता हिशोब मांडला तर पीपीपी महागच पडतं. मग सरकारने स्वतः बांधलं तर काय काय बिघडेल त्याची किंमत काढायची आणि ती सरकारी पर्यायात मिळवायची, की पीपीपी स्वस्त दिसायला लागतं. ही किंमत काढायला जी मीटिंग होते तिला रिस्क वर्कशॉप म्हणतात, आणि अशा एका वर्कशॉपमध्ये मी एक्सेल चालवत होते. शहराचं नाव नको.

खोलीत इंजिनिअर, वकील, सल्लागार, पालिकेचे दोघं. स्क्रीनवर माझं शीट, एकेक ओळ एकेक जोखीम. आम्ही "जमिनीखालच्या पाइपलाइन हलवणं" या ओळीवर आलो. सरकारने केलं तर खर्च वाढायची शक्यता किती टक्के? एकजण म्हणाला तीस, दुसरा म्हणाला साठ. पालिकेचे एक रिटायरमेंटला आलेले इंजिनिअर होते, ते म्हणाले अर्ध्या पाइपांचे नकाशेच आमच्याकडे नाहीत, मी काय आकडा सांगू. सगळे हसले. पण सेल रिकामा ठेवता येत नव्हता, शीट पुढे जात नव्हतं, बाहेर जेवण येऊन पडलं होतं. पंचेचाळीस ठरले. आणि खाजगीने केलं तर? दहा, म्हणाला सल्लागार, कारण त्यांना इन्सेंटिव्ह असतो. मी म्हटलं, पाइप तर तेच आहेत ना? तो अगदी नीट, न चिडता म्हणाला, हे एक्स्पर्ट जजमेंट आहे. मी 10 टाइप केलं. त्या एका ओळीने केवढा फरक पडला ते मला लगेच दिसलं, खालचा टोटल बदलला होता. त्या म्हाताऱ्या इंजिनिअरलाही दिसला असणार, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मी उठून गेले का? नाही. जायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. ते शीट नसतं तर कौन्सिलने मंजुरी दिली नसती, लोक अजून बसच्या रांगेत असते, आणि मी इथे तत्त्वाच्या गोष्टी लिहीत बसले असते. पुढे 2014 मध्ये ओंटारिओच्या, म्हणजे ओटावा ज्या प्रांतात आहे त्याच्या, ऑडिटर जनरलने असे 74 प्रोजेक्ट तपासून म्हटलं की थेट खर्च जवळजवळ 800 कोटी डॉलर जास्त होता आणि जोखमीच्या आकड्यांना प्रत्यक्ष डेटाचा आधार नव्हता. मला धक्का वगैरे बसला नाही. मला तो सेल आठवला.

तेव्हाची मी म्हणायचे, जोखीम ज्याला पेलते त्याच्याकडे द्यावी. बरं, ओटावात जमिनीखालची जोखीम दिली होती कंपनीलाच. जून 2016 मध्ये रिडो स्ट्रीटला भला मोठा खड्डा पडला, उभी असलेली एक व्हॅन आत गेली, सगळा भाग रिकामा करावा लागला. पैशाचं ओझं करारात कंपनीकडे होतं, पण दोन्ही बाजू वकिलांच्या भाषेत बोलायला लागल्या आणि उशीर आला प्रवाशाच्या वाट्याला, त्याला कुठल्याच करारात ओळ नव्हती. वर 2017 मध्ये पालिकेने प्रोजेक्टचं लाँग टर्म कर्ज स्वतःवरच घेतलं. म्हणजे पैसे अडकलेली बँक कंपनीवर लक्ष ठेवते, हा जो पीपीपीचा सगळ्यात चांगला मुद्दा, तोच ढिला झाला.

मग मी पीपीपीच्या विरोधात आहे का? दादा, तू हेच विचारणारेस. पण तेव्हाची मी लगेच उलट विचारते, खड्ड्याची जोखीम पालिकेकडेच असती तर बिल कोणाला आलं असतं? लोकांच्या टॅक्सलाच ना? आणि याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. तर हिंजवडीबद्दल मला विचारूच नका, जागा ताब्यात द्यायची कोणी होती आणि दिली कधी, हे करारात शोधा, आणि सापडलं तर मलाही पाठवा.