वॉर्म टोन पण पाहिजे आणि कंबर पण पाहिजे

गेल्या वर्षी प्रॅक्टिस संपवून जिन्यात खाली बसलो तो उठलोच नाही. म्हणजे उठलो, पण अर्ध्या तासाने आणि ड्रमरचा खांदा धरून. हातात होता बेस गिटारचा हेड (अँपचा डबा, स्पीकर त्याच्याबाहेर वेगळा), पूर्ण ट्यूबवाला म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, पस्तीस किलोच्या घरातला, जो आमच्या गिटारवाल्या दादाने "चार दिवस सांभाळ रे" म्हणून माझ्याकडे ठेवला आणि मी सात वर्षं सांभाळतोय. आवाज विचाराल तर तसा आवाज दुसरा नाही. पण डॉक्टरांनी एक्सरे वर धरून विचारलं, "तुम्ही कामाला कुठे असता, गोदामात का?" तेव्हा ठरवलं, आता हलका अँप बघायचा, पण टोन सोडायचा नाही.

त्याच शोधात जे कळलं ते लिहितोय, कारण मी स्वतः यात एकदा चांगलाच गंडलोय.

वजन येतं कुठून ते आधी बघा. ट्यूब बिचारी काचेची, हातात घेतली तर पिसासारखी. वजन असतं लोखंडाचं. ट्यूब हेडमध्ये दोन मोठे ठोकळे असतात, एक पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पहिल्यावर इलाज सापडलाय, स्विच मोड सप्लाय, म्हणजे भिंतीतून येणारी ५० नाहीतर ६० हर्ट्झची वीज आधी तोडून हजारो हर्ट्झवर नेतात, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर एवढुसा चालतो (पूर्वीचे चार्जर आठवा, प्लगमधून स्वतःच्या वजनाने खाली पडायचे). दुसऱ्याला मात्र इलाज नाही. पॉवर ट्यूबला हजारो ओहमचा लोड पाहिजे आणि स्पीकर असतो ४ नाहीतर ८ ओहमचा, दोघांचं थेट जमत नाही, मधे दलाल लागतो, तो म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आणि याच्यातून साक्षात आपला सूर जातो, खालची ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ, पाच तारांचा बेस असेल तर बी म्हणजे ३१ हर्ट्झ. सूर जितका खाली तितकं लोखंड जास्त लागतं, नाहीतर कोअर (आतलं लोखंड) सॅच्युरेट होऊन, म्हणजे त्याची मर्यादा संपून, आवाज चोंदतो. म्हणून तेवढ्याच वॉटच्या गिटार हेडपेक्षा बेस हेडचा ट्रान्सफॉर्मर मोठा.

अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस हेड १९६९ मध्ये आला, ३०० वॉट, सहा पॉवर ट्यूब, आणि त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकरचा फ्रिजएवढा कॅबिनेट (म्हणजे स्पीकरचा खोका), तो एकटाच साठ किलोच्या पुढे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जो "वॉर्म ट्यूब बेस" बसलाय तो बराचसा इथून आलाय. तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं की पूर्ण ट्यूब, ३०० वॉट आणि चार किलो, तर नमस्कार करा आणि पुढे चला.

मग हलके जे मिळतात ते काय असतात? बहुतेक सगळे क्लास डी. त्यात पॉवर स्टेजचे (स्पीकरला ताकद देणाऱ्या भागातले) मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा नुसते चालू बंद होत असतात, मधल्या अवस्थेत थांबतच नाहीत, त्यामुळे उष्णतेत वाया फार कमी जातं, मोठं हीटसिंक लागत नाही आणि ५०० वॉटचा हेड दोन अडीच किलोत बसतो, बेसच्या बॅगेच्या खिशात जातो. आणि यांच्यातले काहीजण पुढे प्रीअँपमध्ये (बेसकडून येणारा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात) एक ट्यूब टाकतात, बहुतेक वेळा १२एएक्स७ नावाची, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात ट्यूब लिहितात.

इथेच मी गंडलो.

पहिला हलका हेड घेतला तो दिसायला काय देखणा म्हणून सांगू, समोर छोटी काचेची खिडकी आणि आत केशरी उजेडात ट्यूब, स्टेजवर अंधारात असं वाटायचं की समई लावलीय. दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो बघा कसा ट्यूबचा आवाज. पण प्रत्येक कार्यक्रमानंतर मनात कुठेतरी खट्टू व्हायला होई, सूर स्वच्छ येतोय, जोरात येतोय, पण कोरडा. शेवटी अँप दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे नेला. काकांनी उघडला (तुम्ही घरी उघडू नका, बंद केल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज शिल्लक असू शकतं), मीटर लावला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ, या ट्यूबला दोनशे अडीचशे व्होल्ट मिळाले की ती खरी बोलते. इथे चाळीस पण नाहीत." मग बंद करून थोडं थांबून त्यांनी ट्यूब सॉकेटमधून काढली, टेबलावर ठेवली आणि अँप परत चालू केला.

खिडकीत केशरी उजेड तसाच.

मागे एलईडी होता. ट्यूब टेबलावर आणि समई चालू! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काका हसले नाहीत हे त्यांचे उपकार.

कमी व्होल्टवर चालवलेली ट्यूब अगदीच बोगस असते असं नाही हं, गिटारच्या काही पेडलमध्ये मुद्दाम तसं करतात आणि ते खरखरीत डिस्टॉर्शन छान पण लागतं. पण बेसमध्ये आपल्याला जे पाहिजे, हळू वाजवलं की गोल आणि बोट जोरात मारलं की कडेला किंचित फाटणारं, ते तिथून येत नाही. म्हणून आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो, ट्यूब किती व्होल्टवर चालते. मॅन्युअलमध्ये कधी कधी "हाय व्होल्टेज" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, नसेल तर मी शंका घेतो.

बरं, वॉर्म म्हणजे नक्की काय? नेहमीचं उत्तर "ट्यूब इव्हन हार्मोनिक्स देते", म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे सम पटीतले वरचे सूर. अर्धं खरं आहे. प्रीअँपमधली एकटी ट्यूब दुसरा हार्मोनिक देते, ४१ च्या वर ८२, म्हणजे वरचं सप्तक, कानाला गोड लागतं. पण मोठ्या ट्यूब हेडची पॉवर स्टेज पुशपुल असते, म्हणजे ट्यूबचे दोन गट सूर दोन बाजूंनी ढकलतात ओढतात, आणि पुशपुलमध्ये तिथे तयार होणारे इव्हन हार्मोनिक्स बरेचसे एकमेकांना खोडतात. मग त्या अजस्र हेडची ऊब कुठून येते? माझ्या मते तीन ठिकाणांहून. जोरात वाजवलं की ट्यूब एकदम कापत नाही, हळूहळू दबते, आपोआप कॉम्प्रेशन होतं. दुसरं म्हणजे ट्यूब अँपची स्पीकरवरची पकड सैल असते, क्लास डी अँप स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) मानगुटीला धरतो, हात थांबला की कोन थांबला, ट्यूबवाला जरा ढिला सोडतो, त्यामुळे खालचा सूर किंचित फुगून मग बसतो, पोळी तव्यावर फुगते ना तसा. आणि तिसरं, ज्याकडे कोणी बघतच नाही, ते म्हणजे कॅबिनेट.

कॅबिनेटचं मला कसं कळलं ते सांगतो. एक दिवस वैतागून तोच समईवाला हेड दादाच्या जुन्या मोठ्या कॅबिनेटला लावला, त्याला ट्वीटर (तीक्ष्ण आवाजाचा छोटा स्पीकर) नाही, बंद खोका, वरची फ्रिक्वेन्सी साधारण पाच हजारानंतर गळूनच जाते. ड्रमर पाठ करून बसला होता, त्याला काही सांगितलं नव्हतं. दोन ओळी वाजवल्या तर म्हणतो, "आणलास ना परत मोठा हेड, उगाच कंबरेचं नाटक." मी काही बोललो नाही. नुसता बघत बसलो. जो आवाज मी त्या खिडकीत शोधत होतो तो निम्म्याहून जास्त खालच्या खोक्यात होता.

घरी आलो आणि माझ्या नव्या कॅबिनेटच्या मागची ट्वीटरची कळ पूर्ण शून्यावर नेली. तारांवरून बोट घसरल्याचा चर्रर्र आवाज गेला, कडक कडा गेल्या, आणि तोच अँप माणसात आला. फुकटात. तर नवीन काही घ्यायच्या आधी हे एकदा करून बघा, आणि बेसवरची टोनची कळ पण अर्धी खाली घेऊन बघा. जमलं तर फ्लॅटवाउंड म्हणजे बाहेरून सपाट, गुळगुळीत तारा. लोक ट्यूबच्या मागे धावतात आणि बेसवर मात्र चकचकीत नव्या कोऱ्या स्टीलच्या तारा.

पण कॅबिनेट हलका करायचा म्हटलं की एक कायदा आडवा येतो, हॉफमनचा लोखंडी कायदा म्हणतात त्याला (केएलएच या स्पीकर कंपनीतला एच म्हणजे हा हॉफमन). लहान खोका, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातलं कुठलंही दोन घ्या, तिसरं सोडा. आता वॉट क्लास डीमुळे मुबलक झालेत, म्हणून लहान खोके जमतात, आणि नियोडिमियम मॅग्नेटमुळे स्पीकरचं वजन पुष्कळ उतरलंय. मी शेवटी बारा इंची एक एक स्पीकरचे दोन नियोवाले कॅबिनेट घेतले, दोन्ही ८ ओहम. प्रॅक्टिसला एक नेतो, कार्यक्रमाला दोन, एकावर एक उभे. दोन्ही लावले की ४ ओहम होतात आणि हेड पूर्ण ताकद देतो, एकाला निम्म्याच्या थोडं वर. निम्मे वॉट ऐकून घाबरू नका, निम्मे म्हणजे फक्त ३ डीबी कमी, बँडमध्ये कोणाला कळत पण नाही. फक्त हेड कमीत कमी किती ओहमपर्यंत चालतो ते मागच्या बाजूला वाचून घ्या.

हेडचं म्हणाल तर मला दोन पंथ दिसले. एक म्हणजे मार्कबासचा लिटल मार्क ट्यूबसारखे, त्यात ट्रान्झिस्टरचा आणि ट्यूबचा असे दोन रस्ते असतात आणि एका कळीने मिसळता येतात. दुसरा ऑरेंजच्या टेरर बेससारखा, पुढे सगळं ट्यूब, मागे क्लास डी, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ती कळ) वाढवला की सरळ गुरगुरायलाच लागतो. आणि तिसरा पंथ म्हणायचा तर ट्यूब नसलेलाच, डार्कग्लासच्या एका हेडचं नावच मायक्रोट्यूब्ज आहे आणि आत एकही ट्यूब नाही, तरी वाजतो झकास. त्यामुळे ट्यूब आहे का नाही यावरून मी आता भांडत नाही. मी पहिल्या पंथातला घेतला कारण मला स्वच्छ आवाज पण लागतो. नाव सांगत नाही, तुमचे कान वेगळे.

ट्राय करताना एक करा, स्वतःचाच बेस न्या आणि दोन अँप तुलना करताना आवाज सारखा लावा, कारण हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, जो जोरात लावलाय तोच वॉर्म वाटणार आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. एकट्याने वाजवून निर्णय घेऊ नका, एकट्याने सगळंच गोड लागतं, ड्रम चालू झाले की खालचं सगळं पुसलं जातं आणि उरतं ते २०० ते ८०० हर्ट्झमधलं. मी तर अँपवरची बेसची कळ मध्यावरच ठेवतो, २५० च्या आसपास थोडं वर आणि ट्रेबल खाली. गेन असा की मऊ वाजवलं की स्वच्छ आणि तिरमिरीत तार ओढली की जरा घसा बसल्यासारखा. हो आणि वीस मिनिटं चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका, माझ्या हेडचा पंखा शांत गाण्यात ऐकू येतो, हे घेताना लक्षातच आलं नाही. हलक्या हेडचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही, बहुतेक क्लास डी हेड स्पीकर न लावता नुसत्या डीआयवर (अँपमधून थेट साउंड सिस्टिमला सिग्नल द्यायची सोय) चालतात. ट्यूब पॉवर अँप तसा चालवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता खरं सांगायचं तर मोठ्या हेडची ती पोळी फुगल्यासारखी गंमत नवीनमध्ये शंभर टक्के येत नाही. ऐंशी टक्के येते, आणि उरलेले वीस टक्के ऐकणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही, फक्त मलाच पोटात जाणवतात. म्हणून परवा रेकॉर्डिंगला जुनाच न्यायचा ठरला. मी एका बाजूने, ड्रमर दुसऱ्या बाजूने, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो घामाघूम होऊन थांबला आणि विचारतो, "तुझा तो बॅगेतला कुठाय रे?"

म्हटलं, आधी हा नीट धर.